गळती

आमच्या जुन्या घराच्या सोप्याला लागून एक पत्र्याचं छप्पर आहे. आता तिथं थोरल्या भावाचा ट्रॅक्टर उभा असतो. खाली फरशी नाही, मुरूम टाकून चोपलेली जमीन आहे, आणि त्या जमिनीत मधोमध परातीएवढा काळा डाग आहे. मध्यंतरी दोनदा मुरूम बदलला, तरी डाग पुन्हा वर आला. नवीन माणूस आला की विचारतो, ट्रॅक्टर गळतोय का? भाऊ सांगतो, नाही, हा डाग आबांच्या अँबॅसिडरचा.

आबांनी ती गाडी १९८२ साली एका साखर कारखान्याच्या लिलावात घेतली. मार्क टू मॉडेल. कधीकाळी पांढरी असावी, आमच्याकडं आली तेव्हा ताकाच्या रंगाची झाली होती. त्या काळात नवी गाडी हवी तर पैसे भरून नंबर लावायचा आणि वर्षानुवर्षं वाट बघायची. शेतकऱ्याच्या दारात गाडी यायची ती अशीच, कुणीतरी वापरून, दमवून, लिलावात काढलेली. भोगावतीच्या काठच्या आमच्या गावात तेव्हा जीप एक होती आणि ट्रक दोन. मोटारगाडी म्हणावी अशी ही पहिलीच. त्यामुळं ती आबांची कमी आणि गावाची जास्त होती. रात्री-अपरात्री बाळंतीण अडली की माणसं आमच्या दाराची कडी वाजवत. लग्नसराईत नवरानवरी तिच्यातनंच जायची. डिझेल-पेट्रोलचे पैसे आणि वर जे कोण देईल ते, असा सगळा व्यवहार.

अँबॅसिडर गळते, हे त्या काळी सगळ्यांना माहीत होतं. गळत नसेल तर आत ऑईलच नाही, असा विनोद ड्रायव्हर लोक करायचे. त्यात थोडं तथ्यही होतं. ही गाडी मुळात इंग्रजांची. मॉरिस ऑक्सफर्ड नावाची मोटार तिकडं होती, तिचा साचा आणून १९५७-५८ पासून हुगळीकाठच्या उत्तरपाड्याला ती अँबॅसिडर म्हणून निघायला लागली. २०१४ पर्यंत निघत होती. पुढं तिला १४८९ सीसीचं जे इंजन बसलं, तेही विलायती घराण्यातलंच. त्याच्या क्रँकच्या मागच्या टोकाला आजच्यासारखं रबरी ओठाचं सीलच नव्हतं. तिथं शाफ्टवर आटे पाडलेले असत, मोठ्या स्क्रूसारखे. इंजन फिरायला लागलं की हे आटे बाहेर येऊ बघणारं ऑईल पुन्हा आत ढकलत. म्हणजे गाडी चालू असेपर्यंत बंदोबस्त ठीक. बंद केली की आट्यात राहिलेला थेंबभर माल खाली यायचाच. नवी असतानाही थोडंफार यायचं. तेव्हा आमच्या छपरातला डाग हा काही एका दिवसाचा नाही, सोळा वर्षांचा आहे. पण त्यातला मोठा वाटा १९८८ च्या एका पंधरवड्याचा.

त्या वर्षी मृगाच्या पावसात आबा बांधावरनं घसरले आणि पाय मोडला. प्लॅस्टर, मग काठी. घरात दुसरं कुणी गाडी चालवत नव्हतं. चार महिने गाडी छपरात जागच्या जागी उभी. कोंबड्या तिच्या टपावर बसायच्या. दसऱ्याला आम्ही पोरांनी ती धुतली, झेंडूची माळ घातली, लिंबू-नारळ केला. कोल्हापुरात त्या दिवशी दसरा चौकात छत्रपतींची ती लांबलचक मेबॅक मोटार येते, लोक सोन्याइतकेच तिच्या दर्शनाला जमतात. आबा म्हणायचे, "महाराजांची मेबॅक चौकात, आमची अंगणात." त्यांनी काठी बाजूला ठेवून गाडी चालू केली, हळदीपर्यंत चक्कर मारून आणली. सकाळी बघतो तर खाली थारोळं.

पहिल्यांदा वाटलं ड्रेनचा नट ढिला असंल. तो घट्ट होता. पट्टी काढून बघितली तर ऑईल खालच्या खुणेच्याही खाली. लिटरभर ओतलं, दोन दिवसांत पुन्हा तेच. आबांनी गाडी कशीबशी शहरात नेली आणि एका मोठ्या गॅरेजात दाखवली. तिथल्या माणसानं गाडीखाली डोकं घातलं, क्लचच्या घराखालच्या भोकातनं ऑईल टपकताना बघितलं आणि पाच मिनिटांत निकाल दिला. मागून गळतंय. इंजन खाली उतरवावं लागेल, क्रँक काढावा लागेल, ग्राइंडिंग, बेअरिंग, रिंगा, सगळंच करून टाका. सहा ते सात हजार.

सहा-सात हजार म्हणजे आमच्या उसाच्या बिलाचा मोठा तुकडा. आणि माघात आक्काचं लग्न ठरलेलं. मला आठवतंय, त्या रात्री आबा जेवताना काही बोलले नाहीत. हात धुताना आईला एवढंच म्हणाले, "गाडी दिऊन टाकूया. भंगारवाला जे दील ते." आई गप्प. आक्का चुलीपाशी बसली होती, ती उठून परड्यात गेली. त्या गाडीतनं गावातल्या वीस-पंचवीस पोरी सासरी गेल्या होत्या. हिची पाळी आली आणि गाडीच राहिली नाही, हे तिला लागलं असावं. तिनं तसं कधी बोलून दाखवलं नाही.

मार्ग काढला तो नानांनी, म्हणजे आमच्या धाकट्या चुलत्यांनी. नाना विहिरीवरचं इंजन सांभाळायचे. ते म्हणाले, "इकायची ती इका, पर आधी आपल्या इंजनाच्या मेस्त्रीला दावा की. त्यो उद्यमनगरात मोटारी बी बघतोय."

इंजनाचा मेस्त्री मोटार कसा काय बघणार, असा प्रश्न आज कुणाला पडेल. कोल्हापुरात तो पडत नव्हता, आणि का पडत नव्हता ते सांगायला थोडं मागं जावं लागेल.

कोल्हापूरची ओळख गुळाची. शाहू महाराजांनी १८९५ मध्ये शाहूपुरी वसवली, तिथं गुळाची पेठ उभी राहिली. गूळ म्हणजे ऊस, ऊस म्हणजे पाणी, आणि पाणी म्हणजे बैलांची मोट. मोटेनं भिजवून ऊस तो किती भिजणार? पुढं विहिरीवर आणि नदीकाठी तेलावर चालणारी इंजनं आली. एका सिलिंडरची, संथ, फक् फक् करणारी, विलायती बनावटीची. तीच इंजनं हंगामात गुऱ्हाळावर नेऊन घाण्याला जोडायची. इंजन बिघडलं की ऊस वाळायचा नाहीतर तोडलेला ऊस घाण्यापाशी पडून आंबायचा. मग दुरुस्ती करणारा माणूस हवा, आणि तो जवळच हवा. सुटा भाग मुंबईहून येईपर्यंत थांबायला उसाला सवड नसते. तेव्हा भाग इथंच ओतायचा, इथंच लेथवर घासायचा.

यातनं कोल्हापूरची मेस्त्री नावाची जमात तयार झाली. म्हादबा मेस्त्री आणि वाय. पी. पोवार ही त्यातली मोठी नावं. शाळा-कॉलेजच्या पदवीच्या जोरावर नव्हे, हातानं खोलून आणि जोडून शिकलेली माणसं. शहराला तशी ही सवय जुनीच. पहिल्या महायुद्धाच्या काळात परदेशी सिनेमाचा कॅमेरा मिळेना, तेव्हा बाबूराव पेंटरांनी तो इथंच खटपट करून घडवला आणि त्यावर चित्रपट काढले. दुरुस्त करता करता आख्खी वस्तूच करायची, हा कोल्हापूरचा खाक्या. साठच्या दशकापर्यंत शिवाजी उद्यमनगरात शेतीची ऑईल इंजनं मोठ्या प्रमाणावर बनू लागली होती. एका गल्लीत पॅटर्न करणारा सुतार, पुढं ओतकाम, त्यापुढं लेथ. पुढं विजेचे पंप आले, इंजनांची मागणी घटली, आणि याच भट्ट्या मोटारींचे भाग ओतायला लागल्या. शिरोली आणि गोकुळ शिरगावच्या वसाहतींत आज जे चालतं त्याचं मूळ हे असं विहिरीच्या काठावर आहे. मोठे कारखानदार मोठे झाले, त्यांच्यावर लिहिलं गेलंय. गल्लीतल्या मेस्त्रीवर कोण लिहिणार?

तर दिवाळीच्या आधी एका सकाळी आबा, नाना आणि मी गाडी घेऊन निघालो. मी नववीत होतो, शाळा बुडवायला मिळाली म्हणून खूश. मागच्या सीटवर ऑईलचा पाच लिटरचा कॅन माझ्या मांडीशी. हळदीला थांबून अर्धा लिटर ओतलं. पुईखडीचा चढ चढून पुन्हा थांबलो, पुन्हा ओतलं. रंकाळ्यापाशी येईतो मागं निळसर धूर आणि जळक्या तेलाचा वास. सायकलवाले वळून बघत होते. आबांचा चेहरा असा, की जणू त्यांचंच काही सांडतंय.

मेस्त्रींचं दुकान म्हणजे दहा बाय वीसचा गाळा. वय साठीच्या पुढं, अंगात खाकी हाफशर्ट, कानावर पेन्सिल. त्यांनी गाडी बघितली, खाली वाकलेसुद्धा नाहीत. एवढंच विचारलं, "आबा, गाडी उभी किती दिस हुती?"

"चार म्हैनं."

"आन त्याच्या आधी अशी गळत हुती?"

"थेंब-थेंब. अशी न्हवती."

"हां," एवढंच म्हणाले आणि पोराला रॉकेल आणायला पिटाळलं.

पुढचा तासभर नुसती धुणी. ब्रश आणि रॉकेलनं इंजन वरून खालपर्यंत धुतलं, वेस्टनं पुसलं, वाळू दिलं. गाडी दाखवायला आलोय आणि हा माणूस आंघोळ घालतोय, म्हणून आबा चुळबुळत होते. मेस्त्री म्हणाले, "घाणीत काय दिसणार? ऑईल वरनं निघतंय, खाली वघळतंय, पंख्याचा वारा त्याला मागं न्हेतोय. टपकतंय तिथं कधीच गळत नसतंय." मग त्यांनी कपाटातनं तोंडाला लावायच्या पावडरीचा डबा काढला आणि वाळलेल्या इंजनावर भुरभुरला. मला हसू आलं. इंजन नवरीसारखं पांढरं झालं.

गाडी चालू करून पाव तास तशीच ठेवली. मग बंद. मेस्त्रींनी बॅटरी माझ्या हातात दिली आणि म्हणाले, "तुझं डोळं बारीक हायेत. पावडर कुठं वली झालीया सांग. वरनं खाली बघत ये."

मी बघत गेलो. वरच्या टॅपेट कव्हरच्या कडेला एक ओली रेघ. बाजूला, मॅनिफोल्डच्या खाली ब्लॉकला दोन चपटी कव्हरं असतात, त्यातल्या एकाच्या कडेला दुसरी. पुढं पुलीच्या मागं टायमिंग कव्हरला ओल. आणि मागं तर होतंच. मी चार बोटं दाखवली. मला वाटलं, झालं, आता सात हजारांचे दहा होणार.

मेस्त्री मात्र खूश झाले. आबांकडं वळून म्हणाले, "एक सील जाईल, लई तर दोन जातील. चार जागा एकदम जात न्हाईत, आबा. हिचा दम कोंडलाय."

त्यांनी गाडी पुन्हा चालू करायला लावली आणि वरचं ऑईल ओतायचं टोपण काढलं. आतनं फस् करून वाफ बाहेर आली, टोपणाच्या भोकावर धरलेलं फडकं पतंगासारखं वर उडालं. पिस्टनच्या रिंगांच्या फटीतनं थोडा जळका वायू खाली चेंबरात उतरतोच, नव्या इंजनातही उतरतो. तो बाहेर जायला वाट ठेवलेली असते. या इंजनाला अशा दोन वाटा, दोन नाकपुड्याच म्हणा: वरच्या कव्हरपासून एअर क्लीनरकडं जाणारी रबरी नळी, आणि बाजूच्या कव्हरपासून खाली रस्त्याकडं गेलेली लोखंडी नळी. दोन्ही बंद पडल्या तर वायू आत साठतो आणि जिथं पॅकिंग थोडं मऊ असेल तिथनं ऑईलला घेऊन बाहेर पडतो. मागच्या त्या आट्यांचं तर विचारूच नका. आतला दाब वाढला की ते बिचारे किती ढकलणार?

वरची रबरी नळी उपसली तर तिच्या तोंडात एक बोल्ट ठोकलेला. कधीतरी कुणीतरी, एअर क्लीनरमध्ये तेलकट धूर येतोय म्हणून, ही हुशारी करून ठेवली होती. एक नाकपुडी अशी आधीच बंद होती आणि गाडी दुसरीवर जगत होती. राहिली खालची नळी. ती मॅनिफोल्डच्या अडचणीत, मेस्त्रींचा पंजा तिथं जाईना. त्यांनी सायकलची एक तार माझ्या हातात दिली. मी गाडीखाली उताणा झोपून नळीच्या तोंडातनं ती वर घातली. टणक लागलं. फिरवली, ढोसली, आणि माझ्या तोंडावर वाळकी माती पडली. मातीबरोबर पाच-सहा वाळलेले कोळी.

"कुंभारीण!" नाना वरनं ओरडले.

कुंभारीण माशीनं चार महिन्यांच्या मुक्कामात नळीत घर बांधलं होतं. तिला बोटभर रुंदीचं भोक दिसलं की ती सोडत नाही. कड्या-कोयंड्यात, खुर्चीच्या पाइपात, कुठंही. चिखलाची खोली करायची, कोळी आणून कोंबायचे, अंडं घालायचं आणि तोंड लिंपून टाकायचं.

मेस्त्रींनी चार महिने का विचारले ते आत्ता कळलं. विहिरीवरची इंजनं पावसाळाभर बंद असतात. दिवाळीनंतर पाण्याची पाळी सुरू झाली की शेतकरी हँडल मारतो आणि इंजन एक तर चालू होत नाही, नाहीतर ऑईल ओकायला लागतं. दरवर्षीचा हा पहिला आजार, आणि निम्म्या वेळा कारण हेच. त्यांनी तीस-चाळीस वर्षं बांधाबांधावर हिंडून कुंभारणीची घरं उकरली होती. मोठ्या गॅरेजातल्या माणसाचं शिक्षण जास्त असेल, पण त्याच्या गाड्या चार महिने कोंबड्यांखाली उभ्या राहात नसत. त्याला दोष देण्यात अर्थ नाही. ऑईल मागून टपकत होतं हे त्यानं खरंच सांगितलं होतं.

नळ्या मोकळ्या करून गाडी चालू केली. मेस्त्रींनी खालच्या नळीच्या तोंडाशी तळहात धरला, मग माझा धरायला लावला. हलकीशी ऊब, झोपलेल्या माणसाच्या श्वासाएवढी. "रिंगा बऱ्या हायेत," ते म्हणाले. "जादा वारा असता तर रिंगा संपल्यात म्हनलं असतं. आजून चार-पाच वरसं मरण न्हाई हिला."

उरलेलं काम दुपारपर्यंत झालं. बाजूच्या कव्हरचं बुचाचं पॅकिंग कडक होऊन चिरलं होतं. तसलं तयार मिळालं नाही, म्हणून मेस्त्रींनी बुचाचा पत्रा घेतला, कव्हर त्यावर ठेवून पेन्सिलीनं आखलं आणि कात्रीनं कापलं. टायमिंग कव्हरसाठी पॅकिंगचा कागद थेट कडेवर ठेवून गोल तोंडाच्या हातोडीनं हलके हलके ठोकत गेले. धातूच्या धारेवर कागद आपोआप कापला जातो, बोल्टच्या भोकावर लोखंडी गोळी ठेवून एक टोला दिला की भोकही पडतं. मी कितीतरी वेळ ते बघत बसलो होतो. वरचं कव्हर त्यांनी सपाट लोखंडी पाटावर उलटं ठेवून दाखवलं, ते डगमगत होतं. गळतंय म्हणून दरवेळी कुणीतरी नट आवळलेला, आवळून आवळून पत्रा वाकलेला, वाकला म्हणून आणखी गळणारा. लाकडी हातोडीनं कड सरळ केली आणि बसवताना पाना दोन बोटांनीच फिरवला. "हितं ताकद दावायची न्हाई," असं मला म्हणाले. आज मी हे लिहितोय तेव्हा लक्षात येतं की यातलं काहीच मला शाळेत कुणी सांगितलं नव्हतं.

मागचं? तिथं ते हात लावायला तयार झाले नाहीत. "थोडं येणारच. इंग्रजानंच तसं केलंय. रातचं खाली पेपर टाकत जावा. थेंब मोजा. धाच्या आत असंल तर झोपा, वर गेलं तर या."

पैसे किती झाले ते विचारायला आबा कचरत होते. पॅकिंगचं सामान, रॉकेल आणि मजुरी मिळून एकशे ऐंशी रुपये. पावडरीचे नाही लावले. आबांनी दोनशे पुढं केले, मेस्त्रींनी वीस परत दिले आणि नानांना म्हणाले, "तुमच्या इंजनाच्या नळीला बी जाळी बांधा आता. पावसाळ्यात."

त्या काळातल्या गाड्या मजबूत होत्या, आताच्या पत्र्याच्या, असं म्हणणारी माणसं मला भेटतात. मी मान डोलावत नाही. आजची गाडी गळत नाही, रात्री खाली पेपर टाकावा लागत नाही, आणि बाळंतिणीला नेताना अर्ध्या वाटेत ऑईल ओतायला थांबावं लागत नाही, हे चांगलंच आहे. आणि मेस्त्रींच्या आयुष्याचंही गोड चित्र काढायला नको. भट्टीच्या धुरानं आणि रॉकेलच्या वासानं त्यांना दमा जडला होता, पेन्शन नव्हती, आणि त्यांच्या पोरांनी तो गाळा चालवला नाही. दहाएक वर्षांपूर्वी मी त्या गल्लीत गेलो तेव्हा तिथं कॉम्प्युटरवर चालणारं यंत्र होतं आणि काचेआड एक पोरगा स्क्रीनकडं बघत बसला होता. त्याला मेस्त्रींचं नाव विचारलं, त्यानं चहाच्या टपरीकडं बोट दाखवलं. टपरीवाल्याला आठवत होते.

आक्काचं लग्न माघात झालं. पाठवणीच्या वेळी आबाच गाडी चालवायला बसले, पाय अजून पुरता बरा नव्हता तरी. रात्री उशिरा परत आले. आम्ही सगळे दमून जागीच झोपलो होतो. पहाटे मला जाग आली तेव्हा छपरात कंदील दिसला. आबा गुडघ्यावर बसून गाडीखालचा पेपर ओढून काढत होते. उजेडाकडं धरला, बोटानं मोजलं.

"किती?" मी विचारलं.

"सात," आबा म्हणाले, आणि पेपर घडी करून परत खाली सारला.